बॅले शिकले ती थंडी

डिसेंबर अर्धा सरला की आमच्याकडच्या पेपरात निफाडचा पारा पहिल्या पानावर येतो. किती उतरला, द्राक्षांचं काय होणार, बागायतदारांनी पहाटे बागेत शेकोट्या कशा पेटवल्या, सगळं असतं. मी ती बातमी वाचते, चष्मा काढून ठेवते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहते. सातपूरच्या या फ्लॅटमध्ये आता मी एकटीच असते. चहा एक कप होतो. दुधाची पिशवी दोन दिवस पुरते. खिडकीशी उभी असताना माझ्या टाचा आपोआप एकमेकींना चिकटतात, पावलं बाहेरच्या बाजूला वळतात आणि गुडघे हळूच वाकतात. इतकी वर्षं झाली तरी वाकतात. पूर्वीइतके नाही, आणि आता वाकताना वाजतात.

परवा कॉलेज रोडवर एका नव्या इमारतीवर पाटी पाहिली. बॅलेचे वर्ग, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, ताण घालवण्यासाठी ध्यानाची वेगळी बॅच. पाटीखाली दहा-अकरा वर्षांची एक मुलगी घट्ट अंबाडा घालून, नखं कुरतडत कुणाची तरी वाट बघत होती. तिच्याशी बोलावं असं मला फार वाटलं. पण काय बोलणार? मीही हे शिकले आहे, असं? शाळेत शिकवत होते तेव्हा एकदा शिक्षकांच्या खोलीत मी हे बोलून गेले होते. सगळे हसले. "कुठे शिकलात बाई?" "ओझरला." मग तर आणखीच हसले.

पण मी ओझरलाच शिकले. एकोणीसशे शहात्तर सालची थंडी ती. मी तेरा वर्षांची होते.

ओझरच्या विमानाच्या कारखान्यात माझे वडील फिटर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. आम्ही म्हणजे तेव्हा मी एकटीच, पण आई असताना 'आम्ही' म्हणायची सवय लागली ती सुटली नव्हती. आई जाऊन दीड वर्ष झालं होतं. कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये दादा आणि मी. माथ्यावरून विमान गेलं की खिडकीची काच थरथरायची आणि भिंतीवरचा बाबासाहेबांचा फोटो तिरका व्हायचा. तो सरळ करणं हे माझं काम होतं. दिवसातून तीन-चारदा तरी करायचे. घरात बोलण्यासारखं तेवढंच घडायचं.

दादा मूळचे निफाडकडच्या खेड्यातले. बोलायचे कमी, आणि आई गेल्यावर त्याहूनही कमी. त्या वर्षी ते कारखान्यातल्या एका मद्रासी साहेबांबरोबर दहा दिवसांच्या ध्यानाच्या शिबिराला जाऊन आले होते. तेव्हापासून रोज साडेपाचला, पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी, भिंतीला टेकून डोळे मिटून बसायचे. बसले की तासभर हलायचे नाहीत. मी अंथरुणातून त्यांच्याकडे बघत राहायची. आई गेली, आता दादाही रोज थोडे थोडे जातायत, असं मला वाटायचं. बाहेर धुकं, स्टोव्हवर पाणी, आणि समोर एक माणूस जो घरात असून नाही. स्टोव्ह पेटवताना मी मुद्दाम भांडी आपटायची. त्यांच्या पापणीलाही कळायचं नाही.

कारखान्यात विमानांचं काम शिकवायला रशियाहून इंजिनियर आले होते. त्यांची घरं वेगळ्या ओळीत होती. त्यांच्या बायका संध्याकाळी लांब कोट घालून फिरायला निघायच्या, बुधवारी गावच्या बाजारात कांदे-बटाट्यांसमोर उभ्या राहून बोटांवर भाव विचारायच्या. त्यांच्यातल्या तामाराबाईंनी ऑक्टोबरात कॉलनीच्या हॉलमध्ये मुलींना बॅले शिकवायचं ठरवलं. तामाराबाई पन्नाशीच्या आसपास असाव्यात. उंच, सडसडीत, उजव्या गुडघ्यावर कायम लोकरीची पट्टी. वर्गासाठी भिंतीला कमरेएवढ्या उंचीवर दांडा हवा होता, धरून सराव करायला. तो बसवायचं काम दादांकडे आलं. त्यांनी पाण्याचा पाइप घासून गुळगुळीत केला आणि रविवारी ते बसवायला गेले, मला पाना धरायला सोबत घेऊन. उंची किती ठेवायची हे बाईंना सांगता येईना. शेवटी त्यांनी मलाच भिंतीशी उभं केलं, माझा हात पाइपवर ठेवला, कोपर हाताने थोडं वाकवलं आणि दादांना म्हणाल्या, "यहाँ."

मग त्यांनी माझ्या पाठीवरून बोट फिरवलं, पावलाकडे बघितलं, आणि म्हणाल्या, "ये लड़की. आना. संडे."

दादांनी नुसती मान हलवली. मला वाटलं, नाही म्हणतायत. घरी आल्यावर म्हणाले, "जायचं तर जा. घरात बसून काय करती?"

वर्गात आम्ही सात जणी होतो. बाकीच्या सहा अधिकाऱ्यांच्या मुली. त्यांच्यासाठी मुंबईहून मऊ बूट आले. माझे ओझर गावातल्या मोच्याने मेंढीच्या कातड्याचे शिवून दिले. दादांनी त्याला कागदावर माझं पाऊल काढून दिलं होतं. ते बूट चांगले होते, खरं तर इतरांच्याहून चांगले, कारण ते माझ्याच पायाचे होते. तरी त्या मुली पाइपला हात लावून ओळीत उभ्या राहिल्या की माझ्या पुढे आणि मागे थोडी जास्त जागा सुटायची. कुणी काही बोलायचं नाही. अनुराधा नावाच्या मुलीच्या आईने एकदा मला विचारलं, "तुझं आडनाव काय गं?" मी सांगितलं. त्या "अच्छा" म्हणाल्या आणि विणकाम करत राहिल्या.

पण नाच सुरू झाला की ते सगळं विसरायला व्हायचं. थंडीत तो पाइप इतका गार असायचा की पहिल्यांदा धरताना बोटं दचकायची. गुडघे वाकवा, सरळ करा. पाय पुढे न्या, ओढून घ्या. एकच गोष्ट वीस वेळा, चाळीस वेळा. तामाराबाई आमच्या मागून फिरत आणि सारखं एक शब्द म्हणत, "दिशी! दिशी!" आम्हाला वाटायचं, दिशा चुकली म्हणतायत. आम्ही घाबरून पावलं आणखी वळवायचो. त्या आणखी जोरात म्हणायच्या, "दिशी!"

डिसेंबरात त्यांनी सांगितलं, सव्वीस जानेवारीच्या संध्याकाळी कॉलनीच्या कार्यक्रमात नाच होणार. सहा जणींचा एक आणि सुजाताचा एकटीचा एक. सुजाता म्हणजे मी.

आनंद झाला असेल असं वाटतं ना? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. झाडावरून गळणाऱ्या पानाचा नाच होता तो, अडीच-तीन मिनिटांचा. त्याच्या मधोमध एका पायावर उभं राहून दुसरा मागे उचलायचा आणि चार मोजेपर्यंत तसंच थांबायचं. वर्गात सगळ्यांच्या देखत मी दोनवर पडायची. कधी एकवर. आधी पाय कापायचा, मग पोट, मग कानांत आवाज यायचा. अनुराधाची आई भिंतीशी बसून विणायची आणि मी पडले की सुया थांबायच्या. घरी दादा डोळे मिटून बसलेले. कुणाला सांगणार? मी न्हाणीघरात जाऊन बादलीच्या कडेला धरून चार मोजायची. एके रविवारी हॉलच्या दारातच मला उलटी झाली. ती मी फ्रॉकच्या टोकाने पुसली आणि घरी पळत आले. पुढचे दोन रविवार गेलेच नाही. दादांना सांगितलं, बाई आजारी आहेत.

तिसऱ्या रविवारी सकाळी तामाराबाई आमच्या दारात उभ्या. तपकिरी कोट, डोक्याला रुमाल. शेजारच्या बायका ओट्यावर येऊन बघायला लागल्या. दादांची त्या दिवशी सुट्टी होती आणि ते भिंतीशी बसलेले होते. मी खोटं बोलले ते आता उघडं पडणार, म्हणून मी दाराच्या फळीमागे सरकले. बाईंनी मला पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं, बूट बाहेर काढले, आत येऊन उंबऱ्याजवळच्या पाटावर बसल्या आणि दादांकडे बघत राहिल्या. अर्धा तास. मी फळीमागे, त्या पाटावर, दादा भिंतीशी. स्टोव्हवर माझी डाळ करपली.

दादांनी डोळे उघडले तर समोर परकी बाई. गडबडून उठले. "अरे बैठो, बैठो. चाय?"

बाईंनी विचारलं, "ये क्या करता?"

दादांचं हिंदी कारखान्यातलं. "कुछ नहीं. साँस देखता."

"साँस?"

दादांनी नाकाखाली बोट ठेवून श्वास आत घेतला, बाहेर सोडला. बाईंचे डोळे मोठे झाले. त्या हसायलाच लागल्या, गुडघ्यावर हात मारून. "दिशी! दिशी!" म्हणाल्या, माझ्याकडे वळून, छातीवर हात ठेवून मोठा श्वास घेत. "मैं बोलती, दिशी! साँस लो!"

म्हणजे तीन महिने त्या आम्हाला श्वास घ्या म्हणत होत्या आणि आम्ही श्वास रोखून पावलं वळवत होतो.

मी फळीमागून बाहेर आले आणि रडले. बाईंनी मला जवळ घेतलं नाही. त्या मोडक्यातोडक्या हिंदीत बोलल्या, आणि जिथे शब्द संपले तिथे हातांनी. त्या त्यांच्या शहरात मोठ्या थिएटरात नाचायच्या. मागच्या रांगेत. मग एका संध्याकाळी त्यांना पुढे यायचं होतं, एकटीने. पडद्याच्या बाजूला उभ्या होत्या. संगीत सुरू झालं. "पैर नहीं," म्हणाल्या, आणि मांडीवर चापट मारली. "मेरा पैर नहीं चला. बहुत डर." त्या स्टेजवर गेल्याच नाहीत. नंतरही कधी नाही. गुडघा दुखतो असं सगळ्यांना सांगितलं. मग त्यांनी लोकरीच्या पट्टीवर हात ठेवला आणि मान हलवली, गुडघ्याला काहीच झालेलं नाही असं सांगत.

दादांनी सगळं ऐकून घेतलं. चहा केला. मग मला म्हणाले, "सुजा, भीती वाटती हे मला का नाय सांगितलं?"

मी म्हणाले, "तुम्ही डोळे मिटून असता."

त्यांनी कप खाली ठेवला आणि दोघींना समोर बसवलं. मला मराठीत सांगत होते आणि बाईंना बोटाने. "नाकाखाली श्वास लागतो ना, तेवढंच बघायचं. वढायचा नाय, ढकलायचा नाय. गार येतो, गरम जातो."

"मन पळालं तर?"

"पळणारच. पळालं हे कळलं की परत यायचं. त्याच्यावर रागवायचं नाय."

त्यानंतर वर्गाची पहिली दहा मिनिटं तामाराबाई आम्हाला हॉलच्या फरशीवर बसवायला लागल्या. सतरंजी अंथरली तरी गारठा चढायचा. मुली डोळे किलकिले करून एकमेकींना चिमटे काढायच्या. दुसऱ्या आठवड्यात अनुराधाच्या आई दुभाष्याला घेऊन आल्या, कारखान्यातल्या साहेबांचं रशियन बोलणं मराठीत सांगणारा तो तरुण. "नाच शिकवा," म्हणाल्या, "हे त्यांच्या धर्मातलं बसणं आमच्या मुलींना नको." 'त्यांच्या' म्हणताना माझ्याकडे बघितलं नाही. तरी सगळ्यांनी बघितलं. माझे कान तापले. मी सतरंजीवरून उठायला लागले.

दुभाष्याने सांगितलं. बाईंनी ऐकलं, आणि शांतपणे काही बोलल्या. दुभाषी जरा अडखळला आणि म्हणाला, "त्या म्हणतात, धर्माचं मला माहीत नाही. नाच इथूनच सुरू होतो. ज्यांना नको त्यांनी दहा मिनिटं उशिरा यावं."

पुढच्या रविवारी तिघी उशिरा आल्या. अनुराधा वेळेवर आली. माझ्यापासून हातभर अंतरावर बसली, आणि उठताना हळूच म्हणाली, "माझ्याही पोटात दुखतं गं. कुणाला सांगू नको." आमची मैत्री झाली असं मात्र नाही. शाळेत ती मला ओळख दाखवायची नाही. पण ते वाक्य मी कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदा सांगतेय.

भीती गेली का? नाही. तिला मी बघायला शिकले, एवढंच. पाय कापायला लागला की कळायचं, आता कापतोय. पोटात गोळा आला की कळायचं, आला. त्या कळण्यात क्षणभर जागा मिळायची आणि त्या जागेत तीनपर्यंत मोजून व्हायचं. चारपर्यंत क्वचितच.

सव्वीस जानेवारीला संध्याकाळी मैदानात स्टेज बांधलं होतं. लोक मफलर, कानटोप्या, घोंगड्या घेऊन आलेले. मोठ्या टेपरेकॉर्डरवर संगीत लागलं. मी पडद्याच्या बाजूला उभी होते आणि तामाराबाई माझ्या मागे. त्यांच्या दातांचा आवाज येत होता, थंडीने की कशाने कोण जाणे. मी एकदा वळून पाहिलं. त्या माझ्यापेक्षा पांढऱ्या पडल्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, पण ढकललं नाही. मी आपली आपण गेले.

पायांची बोटं बधिर झाली होती. लाकडाच्या फळ्या कुठे संपतात ते कळत नव्हतं. एक पाय मागे उचलला, हात पुढे केला. एक. दोन. तेव्हाच मला तिसऱ्या रांगेत दादा दिसले. धुतलेला शर्ट, गुडघ्यांवर हात, आणि डोळे मिटलेले. तीन. माझा पाय खाली आला. टेकला, डगमगले, सावरले, आणि उरलेलं पान गळून जमिनीवर पडेपर्यंत नाचले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हातमोज्यांतल्या टाळ्या, मऊ मऊ. मागे आले तर तामाराबाई खुर्चीवर बसून रडत होत्या, आणि दुभाषी त्यांना पाणी देत होता.

घरी जाताना दादा सायकल हातात धरून चालत होते, मी बाजूने. द्राक्षबागांकडून धुराचा वास येत होता. मग मला राहवलं नाही.

"आज तरी डोळे उघडे ठेवायचे होते."

सायकल थांबली.

"तिथंही ध्यान करत होतात का?"

"कसलं ध्यान," दादा म्हणाले. "भ्यालो होतो मी. तू पडशील म्हणून. वर्ष होत आलं रोज बसतोय, पण आज एक श्वास धड सापडला नाय."

दादा घाबरतात हे मला ठाऊकच नव्हतं. ते पुढे बोलत राहिले, माझ्याकडे न बघता, सायकलच्या घंटीकडे बघत. "तुझी आई गेली तवा मी तिच्याकडं बघतच होतो. नजर हलवली नाय. बघता बघता गेली. तवापासून आपल्या माणसाकडं एकटक बघायची भीती वाटती. तुझ्याकडंसुदा."

"मला वाटायचं, तुम्ही मला सोडून कुठेतरी जाता. बसता तेव्हा."

"नाय गं. बसलो नाय तर खरंच उठून जाईन कुठंतरी, असं व्हायचं सुरुवातीला. म्हणून बसतो."

त्या वयात हे ऐकून बरं वाटलं की भीती, ते आता आठवत नाही. मी सायकलच्या कॅरिअरला हात लावला आणि तसाच ठेवून घरापर्यंत चालले.

मार्चमध्ये तामाराबाईंच्या नवऱ्याची मुदत संपली. शुक्रवारी जाणार होते ते गुरुवारीच गेले. शाळा सुटल्यावर धावत गेले तर त्यांच्या ओट्यावर माळी पाणी मारत होता. दुभाष्याच्या मदतीने मी एक पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही. पोचलं की नाही तेही कळलं नाही. पुढे ऐंशीच्या सुमाराला मी नाशकात डी.एड.ला आले, वसतिगृहात राहिले, मग शाळा, मग सातपूर. बॅले पुन्हा शिकवणारं कुणी भेटलं नाही आणि मीही शोधलं नाही. वर्गात पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा पाय कापले, तेव्हा कळलं की कापतायत. शाळेच्या परीक्षांच्या दिवसांत एखादी मुलगी पोट धरून कोपऱ्यात उभी दिसली की मी तिच्या शेजारी जाऊन नुसती उभी राहायची. बोलायला मला कधीच नीट जमलं नाही. दादांची मुलगी मी.

पण मला सांगायचं होतं ते बाई गेल्यानंतरच्या रविवारचं.

सवयीने मी बूट घेऊन हॉलवर गेले. आत दोन माणसं बॅडमिंटनचं जाळं बांधत होती. "काय गं?" एकाने विचारलं. मी "काही नाही" म्हणाले आणि परत फिरले. ऊन चढायला लागलं होतं. थंडी संपली होती हे मला त्या रस्त्यावर कळलं. घरी आले तेव्हा दादा भिंतीशी बसले होते. मी पाणी प्यायले. बूट कोपऱ्यात ठेवले. आता कुठला कार्यक्रम नव्हता, चार मोजायचे नव्हते, कुणी बघणार नव्हतं. बसायला काही कारणच उरलं नव्हतं. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

दादांनी डोळे उघडले. तास झाला नव्हता, तरी उघडले. माझ्याकडे बघितलं. नेहमीसारखी नजर वळवली नाही. बराच वेळ, नीट, एकटक बघत राहिले. मीही बघितलं. मग म्हणाले, "अशी इकडं सरक. तिकडून ऊन येईल आता."